आक्काला येणारं एकच काम

मी गाव सोडलं त्या सकाळी आक्का मला सोडायला आली नाही. स्टँडवर माय होती, शेजारच्या दोघीतिघी होत्या, दीपाली माझ्या कडेवर झोपेला आलेली होती आणि हे बसच्या टपावर गाठोडी बांधत होते. मी सारखी गल्लीच्या वळणाकडे बघत होते. माय म्हणाली, "ती काय येस आते? तिना घाटा चुलवर शे." त्या दिवशी पाटलांकडे बिबडे होते. घाटा शिजायला लागला की सोडून उठता येत नाही, दांडा थांबला की खाली लागतो. हे मलाही माहीत होतं. तरी बस हलली तेव्हा मला राग आला. एकुलती एक बहीण परमुलखात जाते आहे आणि हिला दुसऱ्याच्या घरचं पातेलं सोडवत नाही, असं मनात आलं. तो राग मी नंदुरबारपर्यंत नेला. तिथून सुरतच्या पॅसेंजरमध्ये बसलो, नवापूर गेलं, बारडोली गेली, मग कुठंतरी तो माझ्या हातून पडला. पण तो आलेला होता, हे मी विसरलेली नाही.

बाहेरच्यांना बिबडे माहीत नसतात, म्हणून सांगते. ज्वारी भिजत घालायची, दळायची, त्या पिठाचा तीळ, मीठ, तिखट घालून दाट घाटा शिजवायचा आणि तो गरम असतानाच खाटेवर पसरलेल्या ओल्या कापडावर ओल्या तळव्यानं पातळ थापायचा. उन्हात वाळवून वर्षभर तळून किंवा भाजून खायचा. आमच्या गावात, सारंगखेड्याहून थोडं आत, होळी झाली की गल्लीत रोज एकीच्या घरी बिबडे असतात आणि बाकीच्या तिच्याकडे जातात. त्या सगळ्या घरी आक्काला बोलावणं असायचं. ती आल्याशिवाय घाट्याला हात कोणी लावत नसे. "इंदू उनी का वं?" असं एकमेकींना विचारत पाणी उकळत ठेवायच्या.

एवढं एकच काम तिला यायचं. भाकरी तिची जाड व्हायची. शिवण वाकडी. हंगामात टेम्पोनं नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर, मिरची वाळत घालतात त्या मैदानावर, आम्ही देठ खुडायला जायचो, तिथं माझी दोन घमेली व्हायची तेव्हा तिचं एक व्हायचं नाही. मुकादम म्हणायचा, ही मिरचीशी बोलत बसते का काय. कापूस वेचायला ती मागच्या ओळीत. मी मात्र सगळीकडे पुढे. मशीन चालवायला मी बघून शिकले. मेंदी शिकले. शेवया, पापड, गोधडी, झोपडीचं कूड लिंपणं, जे समोर आलं ते दोन दिवसांत हाताला बसायचं. माय सगळ्यांना सांगायची. मला म्हणायची, "पोरी, हातले सम्दं येवाले पाहिजे. मंग कोना दारमा उभं ऱ्हावानं काम नही." आणि तेच वाक्य संपता संपता आक्काकडे मान वळवायची. "इंदूले एकच काम येस, ते बी वरीसमा आठ दिननं." आक्का हसायची. मी पण हसायची. त्या हसण्यातलं माझं हसू मला आता सहन होत नाही.

मी चौथीपर्यंत शाळेत गेले. आक्का एक दिवससुद्धा गेली नाही. ती शाळेच्या वयाची झाली तेव्हा मी रांगत होते, माय शेतात जायची आणि मला सांभाळायला कोणीतरी लागायचं. म्हणजे माझ्या हाताला जे सगळं आलं, त्याची सुरुवात तिच्या कडेवर झाली. हे मी आधी कधी असं मांडून पाहिलं नव्हतं. हे लिहायला मला धीर होतो, त्याचं कारणही तेच आहे. तिला वाचता येत नाही.

सुरतला आलो तेव्हा यांना मिलमध्ये काम मिळालं आणि मी पहिल्या महिन्यातच साड्यांवर खडे चिकटवायला लागले. मग धागे कापणं, लेस लावणं, फॉल-पिको. खोलीच्या मागे मोठ्या बिल्डिंग होत्या, तिथं रोटल्या लाटायला जायला लागले. एकीचं बाळ मालीश करायला मिळालं, दुसरीच्या सासूला आंघोळ घालायला. मी फार बोलत नाही. लहानपणापासून चारचौघांत माझा आवाज निघत नाही. पण हात चालतो त्या बाईला बोलावं लागत नाही. गुजराती मला ऐकूनच आली, आपल्या अहिराणीला ती फार लांबची नाही. बिल्डिंगमधल्या हंसाबेन मला म्हणायच्या, "शोभाबेन, तमने तो बधुंज आवडे." म्हणजे तुम्हाला तर सगळंच येतं. आता त्यांचा मोबाइलवर बायकांचा ग्रुप आहे, त्यात माझा नंबर 'शोभाबेन ऑलराउंडर' असा फिरतो. साडीचा फॉल सुटला, ढोकळा बिघडला, बाईनं दांडी मारली, की फोन मला.

दीपालीच्या कॉलेजात एकदा कोणाला तरी बक्षीस दिलं, त्याच्या कागदावर 'अष्टपैलू' लिहिलं होतं. मी तिला अर्थ विचारला. ती म्हणाली, "तुझ्यासारखं, मम्मी. ज्याला आठ बाजू असतात ते." मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी रोटल्या लाटताना मात्र वेगळंच मनात आलं. आठ बाजूंची वस्तू कुठल्याही बाजूवर ठेवा, बसते. तिला ठेवायला ठरलेली जागा लागत नाही. म्हणूनच ती घरातून उचलून कुठेही नेता येते आणि घराला तिच्या जागी खड्डा पडत नाही. मी गेले तेव्हा गावात काय अडलं? माझी मशीन दुसरीनं घेतली. माझ्या जागी मिरचीवर दुसरी बसली. आक्का गेली असती तर होळीनंतर सगळी गल्ली अडली असती.

माय आजारी पडली तेव्हाचंही सांगते. चार महिने ती अंथरुणावर होती. मी सुट्टी काढून पाच दिवस गेले. पाच दिवसांत मी घर सारवलं, डॉक्टरांशी बोलले, गाद्या उन्हात टाकल्या, येणाऱ्याजाणाऱ्यांचा स्वयंपाक केला, मायचं लुगडं फाडून मऊ दुपटी शिवली. लोक म्हणाले, शोभीनं येऊन घर उभं केलं. आक्का त्या पाच दिवसांत काही करत नव्हती. मायच्या उशाशी बसलेली असायची. मी मनात म्हटलं सुद्धा, ही अजून तशीच. मी सुरतला परतले आणि आक्का बसूनच राहिली, उरलेले सगळे दिवस. माय गेली तेव्हा तिचा हात आक्काच्या हातात होता. माझ्या हातात त्या वेळी कोणाच्या तरी लग्नातला घागरा होता, त्याला आरसे लावायचे होते.

हे सगळं असूनही माझा मुख्य अपराध हा नाही. तो वेगळा आहे आणि तो बोलून झालेला नाही, मान हलवून झालेला आहे.

सुरतच्या पहिल्या उन्हाळ्यात आक्कानं पत्र्याच्या डब्यात बिबडे पाठवले, गावाकडच्या एका बाईबरोबर. मी चार हंसाबेनकडे नेऊन तळले. त्यांच्याकडे पाहुणे होते. एक बाई म्हणाली, इतका पातळ पापड मी पाहिला नाही, पलीकडचं दिसतं. हंसाबेननी माझ्याकडे वळून विचारलं, "तमे बनाव्या?" तुम्ही केले? सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. 'नाही, माझ्या बहिणीनं' एवढं म्हणायला जेवढा श्वास लागतो तेवढाही नव्हता. मी मान हलवली. ती हो अशी हलली.

लाजेनं हलली, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. पण लाज एकदाच पुरते. पुढच्या उन्हाळ्यात हंसाबेननी मागितले, मग खालच्या मजल्यावरच्यांनी, मग समोरच्या बिल्डिंगनं. मी आक्काला फोनवर सांगायची, शेजारणींना आवडतात गं, जास्त पाठव. ती पाठवायची. मी तिला वस्तू धाडायची, साड्या धाडायची, तिच्या खर्चाचं सगळं पोचतं करायची, त्यात मी कधी कमी केलं नाही. फक्त तिचं नाव इथं पोचवलं नाही. 'शोभाबेनना पापड', म्हणजे शोभाबेनचे पापड, असं म्हणत ते घरोघर गेले. सगळं येणाऱ्या बाईला हेही येतं, यात कोणाला नवल वाटलं नाही. इतक्या वर्षांत मला कधी कधी खरंच वाटायचं की मला ते येतं.

मागच्या वर्षी फाल्गुनात हंसाबेन म्हणाल्या, यंदा आम्हाला गच्चीवर करून दाखवा, आम्ही सगळ्या बघणार, व्हिडिओ काढणार. दिवससुद्धा ठरवून टाकला.

मी आधी घरी करून बघितलं. आक्का तीन दिवस ज्वारी भिजवते, हे मला पाठ होतं. तीन दिवस भिजवली. तिसऱ्या दिवशी झाकण काढलं तर खोलीत उभं राहवेना. तरी दळली, शिजवली, थापली. घाट्याला तार सुटायला लागली. वाळलेला बिबडा कापडावरून निघेचना, निघाला तो तुकड्यांनी. हे कामावरून आले, बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "हाई बिबडा शे का पोस्टर? ऱ्हावू दे तो कपडा, तसाच भित्तले चिकटाडी दे." मी हसले नाही. मग मी आक्काला फोन केला आणि म्हणाले, चार दिवस ये माझ्याकडे, तू कधी सुरत बघितलं नाहीस. कशासाठी बोलावते ते सांगितलं नाही. बायकांना बिबडे बघायचे आहेत, तू असलीस तर बरं, एवढंच जाता जाता म्हटलं.

ती आली. आयुष्यात पहिल्यांदा जिल्ह्याबाहेर पडली होती. गाडीत शेजारी बसलेल्या बाईला तिनं तिची सगळी सोयरीक विचारून घेतली होती. बरोबर ज्वारीचं पोतडं, कारण इथल्या ज्वारीचा तिला भरवसा नव्हता. माझ्या घरात फिरून तिनं सगळं पाहिलं. फ्रिज उघडून त्यातला गार वारा चेहऱ्यावर घेतला आणि म्हणाली, "तुन्हं बरं शे वं, घरमाच हिवाळा शे." मग ज्वारी निवडून भिजत घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पातेल्यातून चार दाणे काढून वास घेत बसली होती. मग उठून सगळी ज्वारी उपसायला लागली. मी म्हटलं, अजून तर एक दिवस बाकी आहे.

"तीन दिन आपला गावले," ती म्हणाली. "आठली हवा वल्ली शे. आठे ज्वारी लवकर येस." म्हणजे इथल्या ओल्या हवेत ती लवकर आंबते. आणि एक दाणा माझ्या तळहातावर ठेवला. "नख लाई देख."

मी नख लावलं. दाणा दबला आणि मला काहीच कळलं नाही. तिनं तोच दाणा दोन बोटांत धरला आणि तिला सगळं कळलं होतं. तिला मी आयुष्यभर एकाच कामाची समजत आले. त्या एका कामात किती बाजू होत्या ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. परक्या शहरात, परक्या पाण्यात, एका रात्रीत तिनं आपलं काम फिरवून घेतलं होतं. मला जी सगळी कामं येतात त्यातलं एकही मी अशा रीतीनं ओळखत नाही. मी ती करते, आणि सोडते.

गच्चीवर पंधरा-वीस बायका जमल्या. खुर्च्या, छत्र्या, ताकाचे ग्लास. गॅसची शेगडी वर आणली होती. हंसाबेननी मोबाइल माझ्यासमोर धरला. "आमच्या शोभाबेन, यांच्या हातच्या पापडांना अख्ख्या सोसायटीत तोड नाही, बोला शोभाबेन, सुरुवात करा," असं त्या गुजरातीत म्हणाल्या. आक्का माझ्या मागे पातेल्यापाशी उकिडवी बसली होती. अहिराणी बोलणाऱ्याला एवढी गुजराती कळते. तिला सगळं कळलं. मी मागे वळून बघितलं नाही, तरी मला कळलं की तिला कळलं.

घाटा शिजला. आता थापायचा होता. माझे हात पाण्याच्या भांड्यावर तसेच राहिले. तेवढ्यात आक्का उठली, मला कोपरानं बाजूला सरकवलं आणि बायकांकडे बघून मोकळेपणानं म्हणाली, "तिना हात भाजेल शे. मी करस, ती सांगी." माझा हात कुठंच भाजला नव्हता.

एका बाईनं मला विचारलं, "आ बेन कोण छे? मदद माटे लाव्या?" मदतीला आणलंय का? मी उत्तर देण्याआधी आक्कानंच मान हलवली. हो अशी.

मग तासभर आक्का थापत राहिली आणि मी उभी राहून सांगत राहिले. चारचौघांत न निघणारा माझा आवाज त्या दिवशी निघाला, आणि निघाला तो यासाठी. बायका विचारायच्या, मी सांगायची. ज्वारी किती दिवस? मी म्हटलं, तीन. दोघीतिघींनी मोबाइलमध्ये लिहून घेतलं. खालून आक्का पुटपुटली, "दोन." मी म्हटलं, दोन पण चालतात. पुन्हा खालून, "तीनले कुजी." मी म्हटलं, तीन नकोच. बायका हसल्या, त्यांना वाटलं मी गंमत करते आहे. आक्काचा हात तेवढ्यात पुढच्या बिबड्यावर गेला होता. तिचा तळवा उकळत्या घाट्यावरून असा जायचा की जणू थंड पाण्यावरून जातो आहे. थापून झालेला एकेक बिबडा कापडाखालचे खाटेचे पट्टे दिसतील इतका पातळ. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या मला होत्या.

खाली उतरून घरी आल्यावर मी भांडी घासायला घेतली, तिनं मला हलू दिलं नाही, स्वतःच घासायला बसली. मी दाराला टेकून उभी. ती बोलतच होती. गच्ची चांगली आहे, वारा चांगला आहे, त्या लाल साडीवालीनं सात बिबडे ओलेच खाल्ले, तिचं पोट दुखेल. पातेल्याच्या बुडाला लागलेलं खरवडता खरवडता त्याच सुरात म्हणाली, "सम्दं तर तुलेच येस वं. हाई एक तरी मन्हाकरता ऱ्हावू देती."

आणि हसली. रागानं बोलली असती तर मी रडले असते, पाय धरले असते. ती हसून पुढे लाल साडीवालीवर गेली. मी म्हणाले, "आक्का." ती म्हणाली, "काय?" मी म्हणाले, "राख देऊ का घासायला?" आमच्या घरात राख कुठून असणार. ती माझ्याकडे बघत राहिली आणि पुन्हा खरवडायला लागली.

चौथ्या दिवशी मी तिला गाडीत बसवून दिलं. खिडकीशी उभी होते. बोलायला पुष्कळ वेळ होता, गाडी उशिरा सुटली. मी तिला पाणी आणून दिलं, चिवडा आणून दिला, बसायची जागा पुसून दिली. जे जे हातानं करता येतं ते सगळं केलं.

त्यानंतर वर्षभर मी कोणाकडेही नीट गेले नाही. हाक आली की जायची, काम करायची, 'तमने तो बधुंज आवडे' ऐकलं की मान खाली घालायची. त्यांना वाटायचं, किती नम्र. यंदा संक्रांत झाली आणि हंसाबेनचा फोन आला, पापडांची यादी सांगायला. मी म्हटलं, येऊन भेटते. त्यांच्या स्वयंपाकघरात त्या तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी समोर खाली बसले, चार शेंगा सोलल्या, आणि शेंगांकडे बघतच गुजरातीत सांगितलं की ते पापड माझे नाहीत. माझ्या मोठ्या बहिणीचे आहेत. पहिल्यापासून. मला ते येत नाहीत.

इतकी वर्षं मला वाटत होतं की हे बोलले की भिंत कोसळेल. हंसाबेन शेंगा सोलतच राहिल्या. म्हणाल्या, "ए तो अमने ते दिवसे ज खबर पडी गई." ते तर आम्हाला त्याच दिवशी कळलं. "हात भाजला म्हणता, आणि संध्याकाळी येऊन त्याच हातानं माझ्या चाळीस रोटल्या लाटल्यात. तुमच्या बहिणीचा हात बघितला की कळतं ना, शोभाबेन. आम्ही पण घरीच पापड करत आलो." मग ओढणीला हात पुसून म्हणाल्या, "नंबर आपो एमनो." त्यांचा नंबर द्या.

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. बिल्डिंगला माहीत होतं, आक्काला माहीत होतं. मी एकटीच ते झाकून बसले होते, आणि मी झाकत होते ते फक्त माझ्यापासून. मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्या बायकांना काय, त्यांना पापड चांगला मिळाल्याशी काम. ज्या एकीचं मी घेतलं होतं, तिला अजून काही म्हटलेलं नव्हतं.

घरी येऊन मी आक्काला फोन लावला. मी आधीच भराभर बोलून टाकलं. की आता तुला इथून थेट फोन येतील. की तुझं नाव सांगितलंय. की मी इतकी वर्षं तुझे बिबडे माझे म्हणून दिले, आक्का, मी चोरले, मला माफ कर. पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. तिनं त्यांना हुसकावलं. मग म्हणाली, "त्या लाल साडीवालीना बी फोन येई का?"

मी म्हटलं, येईल.

"मंग तिले सांग, ओला खाऊ नको."

मी म्हटलं, आक्का, मी काय म्हणते ते ऐकलंस का. ती म्हणाली, ऐकलं. पुन्हा कोंबड्या. मग तिचा आवाज जरा बदलला, मायच्या आवाजासारखा झाला. "तुले येत नही ते माले पहिलापासून ठाऊक शे. तू दहा वरीसनी व्हती तवय तुन्हा बिबडा फाटे, आते बी फाटस. त्यामा काय सांगानं? तू असं कर, चैतमा ये. थापू नको. कावया हाकलाले बठ."

बिबडे खाटेवर वाळत असताना कावळे, शेळ्या येतात. त्यांना हाकलायला ज्याला दुसरं काही येत नाही त्याला बसवतात. लहान पोरं, नाहीतर म्हाताऱ्या. मला त्या कामाला कधी कोणी बसवलं नव्हतं. मी नेहमी करणाऱ्यांत होते.

मी चैत्रात गेले. आठ दिवस. हंसाबेनची आणि समोरच्या बिल्डिंगची यादी आक्कानं तोंडपाठ केली होती, नावं तिला येत नव्हती म्हणून तिनं आपली ठेवली होती, 'लाल साडीवाली', 'छत्रीवाली', 'ती जाडी हसरी'. गल्लीतल्या बायका आल्या. कोणीतरी म्हणालं, शोभीला पण बसवा थापायला, तिला सगळं येतं. आक्का घाटा हलवत होती, मान वर न करता म्हणाली, "तिले हाई येत नही."

सगळ्यांसमोर म्हणाली. सगळ्या आपापल्या कामाला लागल्या. कोणाला काही वाटलं नाही. मी काठी घेऊन खाटेपाशी सावलीत बसले. कावळे येत होते, मी उठत होते, बसत होते. दुपारपर्यंत मला कोणी काही मागितलं नाही, कोणी हाक मारली नाही, मी कोणाच्या उपयोगाची नव्हते. मध्येच आक्का येऊन एक अर्धवट वाळलेला बिबडा गुंडाळून माझ्या हातात देऊन गेली, लहान पोरांना देतात तसा.

मी सुरतला परत आले आहे. साडीचे फॉल आहेत, रोटल्या आहेत, उद्या एकीच्या सुनेचं डोहाळजेवण आहे, तिथं मेंदी आहे. हे सगळं मी करते आणि करीन. त्यानं आमचं घर चाललं, दीपाली शिकली, मायचं बोलणं खोटं नव्हतं. कोणाच्या दारात उभं राहायची वेळ आली नाही. पण ज्यांना माझं सगळं येणं माहीत आहे, त्यांच्यात मी राहते, आणि मला काय येत नाही हे ज्यांना माहीत आहे, ते गावी आहेत. घर कुठलं असं कोणी विचारलं तर पूर्वी मी दोन्ही नावं घ्यायची. आता मी गावाचं घेते. आक्कानं माफ केलं का, ते तिनं सांगितलं नाही. मी पुन्हा विचारलं नाही. पुढच्या चैत्रात बोलावलंय, काठी घेऊन बसायला.